मात्सुएचे नवे मास्तर

गेल्या चैत्रात माझी भाची जपानातील एका लहानशा गावी इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू झाली. जपानी शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्यामुळे इकडे दारी गुढी उभी राहिली आणि तिकडे तिचे सामान बांधून झाले. निघण्याच्या आदल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, मला त्यांची भाषा येत नाही. नमस्कार-चमत्कारापुरती चार वाक्यं पाठ केली आहेत, तेवढीच. तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत. वाटेत वाचायला एखादं पुस्तक द्या ना."

मी उठून कपाटातून लफ्काडिओ हर्नचे 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलियर जपान' हे पुस्तक काढले. त्यात 'एका इंग्रजी शिक्षकाच्या रोजनिशीतून' या अर्थाच्या शीर्षकाचे एक दीर्घ प्रकरण आहे. परक्या भाषेच्या शाळेत पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्याला याहून चांगला सोबती कोणता मिळणार, असे मला वाटले. परंतु एकदम तिच्या हाती ते देववेना. दोन दिवसांनी ये, असे तिला सांगितले आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वी वाचलेले ते प्रकरण पुन्हा वाचायला बसलो. तरुणपणी जे पुस्तक आपल्याला गोड लागले ते उतारवयात दुसऱ्याच्या ताटात वाढताना आधी चाखून पाहावे, हे बरे.

हर्नचे आयुष्यच मुळी परकेपणात गेले. 1850 साली ग्रीसजवळच्या लेफ्कादा बेटावर त्याचा जन्म झाला. आई ग्रीक, बाप आयरिश लष्करी डॉक्टर. आईबापांची फारकत झाल्यावर डब्लिनमध्ये एका वृद्ध आप्त स्त्रीच्या घरी तो वाढला. शाळेत असताना एका अपघातात डावा डोळा गेला. उरलेल्या डोळ्याची दृष्टी इतकी अधू की, कागद नाकाला लावल्यावाचून अक्षर दिसू नये. पुढे अमेरिकेत सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिन्स येथे वर्तमानपत्रांत लेखणी झिजवून, वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर काही काळ काढून, 1890 च्या एप्रिलमध्ये तो योकोहामा बंदरात उतरला. ज्या प्रकाशकासाठी आला होता त्याच्याशी बिनसले आणि पोटासाठी त्याने मास्तरकी पत्करली. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील मात्सुए या गावी, महिना 100 येन पगारावर, एक वर्षाचा करार. वय चाळीस, भाषेचा गंध नाही.

रोजनिशीची सुरुवात 2 सप्टेंबर 1890 या तारखेने होते. सुरुवात अगदी कोरडी आहे: करार काय, शाळा कोणत्या, इमारती कशा. माध्यमिक शाळेची काळसर निळ्या रंगाची दुमजली लाकडी इमारत. पलीकडे शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलची पांढरी स्वच्छ वास्तू. दोन बाजूंना कालवे, दोन बाजूंना शांत रस्ते. हर्न वर्णनाचा मोठा शौकी लेखक. एरवी एका देवळाच्या पायरीवर तो चार पाने खर्ची घालील. येथे मात्र तो एखाद्या कारकुनासारखा लिहितो. मला ही सुरुवात फार खरी वाटते. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी माणसाला सौंदर्य दिसत नाही; त्याला दारे दिसतात आणि कोणत्या दारातून आत जायचे याची चिंता दिसते.

आणि दारांचीच अडचण तो पुढे सांगतो. परदेशी मास्तरांच्या सोयीसाठी शाळेने प्रत्येक वर्गाच्या दारावर त्याचे नाव इंग्रजी अक्षरांत रंगवून ठेवले आहे. तरीही वर्ग ओळखू यायला आपल्याला काही आठवडे लागतील, असे तो म्हणतो. त्याहून अवघड गोष्ट मुलांच्या नावांची. हजेरीपट समोर उघडा असूनही त्यातील बहुतेक नावे त्याच्या तोंडात बसत नाहीत. वर्ग उठून वाकून नमस्कार करतो, मास्तर उलट नमस्कार करतात, मग हजेरी. त्याचे बोलणे मुलांना नेहमी कळते असे नाही. पण फळ्यावर खडूने लिहिले की कळते. इतकी वर्षे जपानी शिक्षकांनीच त्यांना इंग्रजी शिकवलेले आहे.

या पहिल्या पानांत एक माणूस सारखा त्याच्या पुढे चालताना दिसतो. त्याचे नाव निशिदा सेन्तारो. त्याच शाळेतील इंग्रजीचे जपानी शिक्षक. वेळापत्रक समजावून देणारे तेच, मेज दाखवणारे तेच, प्रांताच्या गव्हर्नरांकडे नेऊन दुभाषाचे काम करणारे तेच. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात हाताला धरल्यासारखे तेच नेतात आणि वर, आपल्याकडून याहून अधिक मदत होत नाही म्हणून खंत करतात. हर्नवर लिहिणारे बहुतेक लोक त्याच्या दृष्टीचे, त्याच्या सहानुभूतीचे कौतुक करतात. कौतुक योग्यच आहे. परंतु या खेपेला वाचताना मला जाणवले की, मात्सुएतील त्याच्या यशाचा निम्मा वाटा निशिदांचा आहे. परक्या मास्तरांना वर्गात प्रेम मिळाले, कारण वर्गाच्या दारापर्यंत त्यांना सुखरूप पोचवणारा एक सहकारी होता. हर्न हे विसरला नाही. 1895 साली निघालेले 'आउट ऑफ द ईस्ट' हे पुस्तक त्याने निशिदांनाच अर्पण केले. पुढे दोनच वर्षांनी, 1897 मध्ये, निशिदा ऐन तारुण्यात क्षयाने वारले.

या रोजनिशीतील एक उतारा सगळीकडे वाखाणला जातो. तो मुलांच्या चेहऱ्यांबद्दलचा आहे. पाश्चात्त्य माणसाला हे चेहरे प्रथमदर्शनी अर्धवट रेखाटल्यासारखे, मऊ, बुद्धमूर्तीसारखे शांत दिसतात. त्यांत राग नाही, लोभ नाही. पण ओळख वाढत जाते तसतसा एकेक चेहरा वेगळा होऊ लागतो, असे तो सांगतो. मला वाटते, सबंध प्रकरणाचा आराखडाच या उताऱ्यात सापडतो. हजेरीपटावरील न उच्चारता येणाऱ्या नावांपासून निघून एका विशिष्ट मुलापर्यंत जाणे, हा या रोजनिशीचा प्रवास आहे. हा प्रवास जेथे सरळ चालतो तेथे हर्न मोठा लेखक वाटतो. जेथे तो वाट सोडून 'जपानी विद्यार्थी' नावाच्या एका घाऊक प्राण्याविषयी बोलू लागतो, तेथे तो घसरतो.

घसरण्याची दोन ठिकाणे सांगतो. पहिले राजनिष्ठेचे. तुमची सर्वांत मोठी इच्छा कोणती, असे विचारले तर दहांतील नऊ मुले सम्राटासाठी मरण्याची म्हणतील, असे तो लिहितो आणि त्या उत्तरातील उदात्ततेने भारावून जातो. 1890 सालच्या ऑक्टोबरातच सम्राटांचे शिक्षणविषयक फर्मान निघाले होते. शाळाशाळांतून तेच घुमत होते. पढवलेले उत्तर आणि मनातले उत्तर यांत अंतर असू शकते, ही शंका वर्तमानपत्रात मुरलेल्या या माणसाला यायला हवी होती. 1945 पर्यंत त्या उत्तराची किंमत किती मुलांनी चुकवली हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तो उतारा आज वाचवत नाही. हर्नला भविष्य दिसले नाही, हा त्याचा दोष मी म्हणणार नाही. पण त्याने त्या नऊ मुलांतून एकालाही बाजूला घेऊन पुन्हा विचारले नाही, हा दोष आहे.

दुसरे ठिकाण निबंधांचे, आणि ते मला अधिक झोंबले. मुलांचे निबंध तपासताना त्याला दिसते की, एका विषयावर तीस मुलांनी लिहिले तरी कल्पना त्याच, उपमा त्याच. त्यावरून तो निष्कर्ष काढतो की, जपानी विद्यार्थ्याची कल्पनाशक्ती शेकडो वर्षांपूर्वीच घडून तयार झालेली असते. त्यात स्वतःचे असे थोडेच.

हे वाचताना मी पुस्तक मिटले. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी, घाटमाथ्यावरील एका शाळेत, मी 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायला दिला होता. बेचाळीस वह्या आल्या. सगळ्यांत काळे ढग, नाचणारा मोर आणि आनंदलेला शेतकरी. त्या मुलुखात मोर कोणी पाहिला नव्हता. मी वर्गात वह्या आपटून म्हणालो होतो, "तुम्हा बेचाळीस जणांत डोकं एकच आहे काय?" त्यांत डोंगराच्या वाडीवरून येणारा एक मुलगा होता. त्यानेही मोर नाचवला होता. पण शेवटी मोडक्या इंग्रजीत एक जास्तीचे वाक्य होते: रात्री घर गळते, आई भांडी मांडते आणि आम्ही भांड्यांच्या मधल्या जागेत निजतो. व्याकरण पार चुकले होते. मी तांबड्या शाईने ते वाक्य आडवे खोडले आणि समासात लिहिले, 'अनावश्यक'. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याचे नाव आज मला आठवत नाही.

तेव्हा हर्नला दोष देण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे वाचकांनीच ठरवावे. परक्या भाषेत लिहिणाऱ्या मुलाला आधी आधाराची काठी लागते. ती काठी म्हणजे पाठ केलेली वाक्ये, ठरलेल्या उपमा, मोर. काठी पाहून त्याला पायच नाहीत असे समजणे, ही मास्तरांची चूक.

सुदैवाने हर्नने स्वतःच, नकळत का होईना, या चुकीची दुरुस्ती करून ठेवली आहे. मात्सुएची थंडी त्याला सोसेना, म्हणून 1891 च्या नोव्हेंबरात तो कुमामोतो येथील उच्च शाळेत गेला. पगार दुप्पट झाला. परंतु तेथे निशिदा नव्हते, आणि विद्यार्थी मोठे व अबोल होते. तो तेथे फारसा रमला नाही. तरी त्या दिवसांवर लिहिलेल्या, 'आउट ऑफ द ईस्ट'मधील क्यूशूच्या विद्यार्थ्यांवरील लेखात एक निबंध त्याने विद्यार्थ्याच्याच शब्दांत छापला आहे. विषय, माणसाच्या स्मरणात सर्वांत अधिक काळ काय राहते. तो विद्यार्थी लिहितो की, मी चार वर्षांचा असताना हिवाळ्यात आई वारली. त्याआधी थोडा वेळ मी तिला एक गोड संत्रे दिले. ती हसली आणि तिने ते चाखले. ते तिचे शेवटचे हसणे. झाडांतला वारा तोच आहे, दूरचे पक्षी तेच आहेत, आणि आई नाही.

शेकडो वर्षांपूर्वी घडवून ठेवलेल्या कोणत्या कल्पनाशक्तीत हे संत्रे होते? हर्न त्यावर फारसे भाष्य करीत नाही. आपले जुने विधान मागेही घेत नाही. पण त्याने तो निबंध पुस्तकात घातला, एवढे मला पुरे आहे. मी माझ्या मुलाचे वाक्य खोडले होते.

आता मात्सुएच्या रोजनिशीच्या शेवटाकडे येऊ. शिदा नावाचा चित्रे काढणारा हळुवार मुलगा वारतो. योकोगी नावाचा दुसरा मुलगा त्याच्या स्मृतिविधीत दिवंगत मित्राला उद्देशून शोकपत्र वाचतो. आणि मग योकोगीच अंथरूण धरतो. योकोगी गरीब सुताराचा मुलगा. घरची ऐपत नव्हती. एका श्रीमंत गृहस्थांनी त्याची बुद्धी पाहून शिक्षणाचा भार उचलला होता. अतिअभ्यासाने मेंदूला विकार झाला, असे डॉक्टर म्हणतात. एका रात्री तो शाळा पाहायचा हट्ट धरतो. फुकुइची नावाचा म्हातारा नोकर त्याला पाठुंगळीला घेऊन निघतो. इमारत अंधारात उभी आहे. मुलगा आपल्या वर्गाच्या खिडक्या पाहतो. रोज सकाळी लाकडी खडावा काढून गवती चपला घालायचा तो बाजूचा दरवाजा पाहतो. शिपायाची निजलेली खोली, चांदण्यांवर काळी दिसणारी घंटा. आजारात सगळे विसरलो होतो, आता सगळे आठवले, असे तो फुकुइचीला म्हणतो. शाळा पुन्हा दिसली म्हणून त्याला आनंद झालेला असतो. त्यानंतर तो फार दिवस जगत नाही.

सुरुवातीला आपण या शाळेची इमारत पाहिली होती, ती परक्या मास्तरांच्या डोळ्यांनी: रंग, मजले, दारांवरील पाट्या. शेवटी तीच इमारत आपण एका मरणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनी पाहतो. मास्तर त्या रात्री तेथे नव्हते. जे ऐकले ते त्यांनी लिहिले. एका वर्षात हा माणूस जपानी भाषा शिकला नाही. घरी पत्नी सेत्सुशी तो क्रियापदांना न जुमानणारी मोडकीतोडकी जपानी बोलत असे, आणि तेवढ्या भांडवलावर तिच्याकडून भुताखेतांच्या कथा ऐकून त्याने पुस्तके लिहिली. पण ज्या हजेरीपटावरची नावे त्याला उच्चारता येत नव्हती, त्यातले एक नाव त्याने जगाला कायमचे सांगून ठेवले. हर्नचे सगळे लाडिक वर्णन, सगळी साखर मी या एका प्रसंगासाठी माफ करतो.

याच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवून पाहावे: नात्सुमे सोसेकीची 1906 सालची कादंबरी 'बोत्चान'. सोसेकीने 1895 मध्ये मात्सुयामा येथे इंग्रजी शिकवले, पुढे कुमामोतोच्या त्याच शाळेत, आणि 1903 मध्ये टोकियोच्या विद्यापीठात हर्नला दूर केल्यावर त्याचीच जागा सोसेकीकडे आली. पण बोत्चानचा सूर अगदी उलटा. टोकियोचा एक भोळा, तापट तरुण खेडवळ गावी गणिताचा मास्तर म्हणून येतो. पहिल्याच तासाला मुले आपल्या बोलीत त्याला सांगतात, जरा सावकाश बोला, कळत नाही. त्याने दुकानात चार वाट्या शेवया खाल्ल्या, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर ती बातमी. रात्रपाळीला शाळेत निजला, तर अंथरुणात टोळ. मुख्याध्यापकांचे नाव त्याने बिज्जू-छापाचे ठेवले आहे. उपमुख्याध्यापक त्याच्या लेखी नुसता 'तांबडा सदरा'. वाचताना हसून पुरेवाट होते.

तेथे भाषा एक, देश एक. आणि तरी बोत्चान मात्सुएच्या हर्नहून शतपट परका. त्या कादंबरीत शिक्षकांना एकाहून एक टोपणनावे आहेत, पण लक्षात राहील असा विद्यार्थी एकही नाही. मुले म्हणजे एक गलका. बोत्चानला घरी पत्र लिहावेसे वाटते ते फक्त कियो या म्हाताऱ्या मोलकरणीला. सोसेकीला हे पुरते ठाऊक आहे. विनोदाच्या तळाशी त्याने तेच दुःख ठेवले आहे. आपल्याकडे 1955 साली आलेल्या व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील तरुण मास्तरही असाच धनगरांच्या वस्तीत उपरा येतो. त्याच्या तोंडी मराठीच आहे. पण वस्तीचा कारभारी, आनंदा रामोशी ही माणसे नावानिशी कळू लागतात तेव्हाच त्याची शाळा सुरू होते. भाषेची अडचण खरी, परंतु ती दुसऱ्या क्रमांकाची, असे ही तिन्ही पुस्तके आपापल्या रीतीने सांगतात.

दोन दिवसांनी भाची आली. मी तिला हर्न दिला आणि 'बोत्चान'चे इंग्रजी भाषांतरही दिले. तिची नोकरी हर्नसारखी नाही, हे मला माहीत आहे. 1987 पासून जपान सरकार परदेशी तरुणांना इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून बोलावते. आणि 2020 पासून तेथे प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीतही इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे. साहाय्यकाने जपानी शिक्षकाच्या बाजूला उभे राहायचे, उच्चार म्हणून दाखवायचे. तीही साहाय्यकच आहे. म्हणून मी तिला एवढेच सांगितले की, पहिल्या आठवड्यात तुझा निशिदा कोण ते शोध, आणि निबंध तपासताना जास्तीचे वाक्य दिसले तर खोडू नकोस.

आषाढात तिचे पत्र आले. शेजारच्या मेजावरच्या एक प्रौढ शिक्षिका तिला रोज वर्गापर्यंत सोडतात. पहिल्या दिवशी तिलाही सगळी मुले सारखीच दिसली, याची तिला लाज वाटली. मग हर्नलाही तसेच दिसले होते हे आठवून बरे वाटले. एक वर्ग चौतीस मुलांचा आहे. त्यांतील सव्वीस नावे तिला पाठ झाली आहेत. आठ अजून राहिली आहेत, आणि ती कोणती, हे तिने पत्राच्या शेवटी लिहून काढले होते.

ते पत्र वाचून मी त्या घाटावरच्या शाळेला एक कार्ड टाकले. त्या वर्षीचा नववीचा हजेरीपट अजून जपून ठेवला असेल तर येऊन पाहीन म्हणतो.